सांदणच्या नाळेत वाटाड्यामागून

सोलापूरहून टेंभुर्णी, करमाळा, नगर, संगमनेर, राजूर असं करत भंडारदऱ्यापलीकडच्या साम्रदला पोचलं, की रतनगड दिसतो, आजोबाचा कडा दिसतो; दरी मात्र दिसत नाही. गावाबाहेर झाडीतून थोडं उतरलं की जमीन एकाएकी चिरलेली. हीच सांदण.

आमचा वाटाड्या गावातलाच, विशीतला. त्याने आधी सगळ्यांचे बूट उलटे करून पाहिले. तळ गुळगुळीत झालेल्या दोघांना, "तुम्हाला पहिल्या पाण्यापर्यंतच नेतो," असं सांगून टाकलं. आत शिरलो तसा उजेड ओसरला. दोन्ही अंगांना शे-दोनशे फूट काळा कातळ, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील एवढीच वाट, आणि तळाला कड्यावरून कोसळलेल्या धोंड्यांचा खच. माथ्यावर ऊन रणरणत होतं, पण पाणी कमरेला लागलं तेव्हा दातखीळ बसायची वेळ आली.

पोरगा धोंड्यावर पाय देण्याआधी टाचेने तो दाबून पाहायचा. डुगडुगला की मागे न पाहताच ओरडायचा, "हलता आहे!" एके ठिकाणी आम्ही जेवायला टेकणार, तर त्याने उठवलंच. तिथल्या दगडांवर शेवाळ नव्हतं, फुटीच्या कडा कोऱ्या होत्या. म्हणजे ते अलीकडेच वरून आलेले. "वर माकडं फिरली तरी दगड सुटतात, दादा." आम्ही फोटो काढण्यात दंग होतो, तो मात्र सतत वर बघत होता. त्याची मजुरी खरं तर या बघण्याची.

अमेरिकेतल्या ॲरिझोनातली अँटिलोप कॅन्यन वालुकाश्माची, आपली सांदण बेसॉल्टची. पण पाण्याचा धोका तोच. १२ ऑगस्ट १९९७ रोजी दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा तिथे अचानक आत घुसला आणि ११ जण गेले. आता तिथे वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. इकडे सांदण पुढे कोकणच्या बाजूला उतरते. तिथे दोर बांधून खाली जावं लागतं. आम्ही त्याआधीच मागे फिरलो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

जायचं तर पाऊस पूर्ण ओसरल्यावर जा. पावसाळ्यात ही नाळ म्हणजे ओढाच. वाटाड्या गावातलाच घ्या, आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका.