गरुड गेला, ऑस्प्रे परतला

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातला लेक डिस्ट्रिक्ट मराठी वाचकाला वर्ड्‌स्वर्थमुळे ठाऊक आहे. १८०२च्या एप्रिलमध्ये अल्सवॉटरच्या काठी त्याने पाहिलेली डॅफोडिल्स आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी वर्गात पाठ केली. आज एप्रिलमध्ये त्याच डोंगरांत दुर्बीण घेऊन उभे राहिले की वेगळाच इतिहास समोर येतो. इथे कोणता शिकारी पक्षी दिसेल आणि कोणता दिसणार नाही, हे ठरवण्यात थंडी-पावसापेक्षा माणसाचा हात मोठा आहे.

सुरुवात न दिसणाऱ्या पक्ष्यापासूनच करायला हवी. मेंढपाळांनी आणि शिकारी जमिनींच्या राखणदारांनी एकोणिसाव्या शतकात इथला सोनेरी गरुड संपवला होता. तो स्वतःहून परतला आणि १९६९मध्ये हॉजवॉटरच्या वरच्या रिगिनडेल दरीत एका जोडीने घरटे केले. हॉजवॉटर म्हणजे मँचेस्टरला पाणी पुरवणारे धरण. त्यासाठी १९३०च्या दशकात मार्डेल ग्रीन हे गाव बुडाले. उजनीचे पाणी ओसरल्यावर पळसदेवचे देऊळ वर येते, तशा कडक उन्हाळ्यात मार्डेलच्या भिंती वर येतात. माणसे उठवलेल्या त्या दरीत १९९६पर्यंत गरुडांची सोळा पिल्ले उडाली. पुढे पिल्ले होईनात. २००४मध्ये मादी नाहीशी झाली. नर मात्र राहिला. दर वसंतात तो उंच चढायचा, पंख मिटून खाली झेपावायचा, पुन्हा चढायचा. मादीला बोलावण्याचा हा सोनेरी गरुडांचा रिवाज. पण ते पाहायला येणार कोण? दक्षिण स्कॉटलंडमध्येही तेव्हा गरुड मोजकेच होते. २०१५च्या अखेरीनंतर तोही दिसला नाही आणि इंग्लंडमध्ये घरटी करणाऱ्या गरुडांची गोष्ट तिथे थांबली. एखादी जोडी जगवली म्हणजे जात वाचत नाही. आजूबाजूला तिचे गणगोत लागते. पक्षिसंरक्षणातला याहून कठोर धडा मला माहीत नाही.

बहिरी ससाण्याचे नेमके उलट झाले. दुसऱ्या महायुद्धात संदेश नेणाऱ्या कबुतरांना धोका नको म्हणून ब्रिटिश सरकारनेच ससाणे मारवले. युद्धानंतर ते सावरत होते. पुढे शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी तक्रार केली की ससाणे फार झाले. खरे-खोटे पाहण्यासाठी १९६१मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांच्याकडे गणतीचे काम आले. ते याच भागातल्या कार्लाइलमध्ये वाढलेले, इथला एकेक कडा ओळखणारे. त्यांना कडे रिकामे सापडले, घरट्यांत फुटकी अंडी सापडली. जुन्या संग्राहकांनी जपलेल्या अंड्यांची कवचे त्यांनी ताज्या कवचांशी ताडून पाहिली आणि १९६७मध्ये निष्कर्ष मांडला: १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, म्हणजे डीडीटी वापरात आल्यापासून, कवच पातळ होत गेले. विषांवर टप्प्याटप्प्याने बंधने आली, ससाणे परतले. आज लेक डिस्ट्रिक्टमध्ये मार्चच्या शेवटी कड्याखालून जाताना वरून कर्कश ओरड ऐकू आली, तर ती त्या मोजमापाची पुण्याई आहे.

वसंतातले पाहुणे या वेळेपर्यंत येऊ लागलेले असतात. मार्चच्या मध्यापासून आफ्रिकेतून रणगोजा येतो. पाठीमागचा पांढरा डाग चमकवत तो मेंढवाड्यांच्या दगडी गडग्यांवर उड्या मारतो आणि गडग्याच्याच फटीत घरटे करतो. गळ्याशी पांढरी चंद्रकोर असलेला रिंग ऊझल उंच ओढ्यांच्या घळीत शोधावा. मोरोक्कोच्या ॲटलस पर्वतात हिवाळा काढून तो येतो. कुक्कू एप्रिलच्या उत्तरार्धात पोचतो आणि मादी माळावरच्या मेडो पिपिटच्या घरट्यात अंडे घालते. बॉरोडेलच्या शेवाळलेल्या ओकवनांत थिरथिऱ्याचा तांबड्या शेपटीचा भाऊबंद आणि काळा-पांढरा पाइड फ्लायकॅचर दिसतात. या फ्लायकॅचरची मला काळजी वाटते. वसंत लवकर उगवू लागल्याने पिल्लांना हव्या असलेल्या अळ्या लवकर येऊन संपतात, आणि पश्चिम आफ्रिकेत बसलेल्या पक्ष्याला इथली पालवी फुटल्याचे कळण्याचा मार्ग नाही.

वसंतातच येणारा, मासे पकडणारा शिकारी पक्षी ऑस्प्रे दीडएक शतक या सरोवरांवर घरटे करत नव्हता. बॅसनथ्वेटच्या काठी लोकांनी झाडावर मचाण बांधून दिले आणि २००१मध्ये एका जोडीने ते पसंत केले. डॉड वूडच्या उतारावरून दुर्बिणीतून ते पाहता येते. घरट्याजवळ जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. १९८१च्या ब्रिटिश वन्यजीव कायद्याने या पक्ष्याला घरट्यावर त्रास देणे गुन्हा आहे. आपल्याकडे कॅमेरे घेऊन घरट्याला वेढा घालणाऱ्यांनी हा उतार एकदा पाहावा.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे ऑस्प्रे सेनेगल-गांबियाकडे निघतात. पिल्ले आईबापांविना, एकेकटी जातात आणि बहुधा दोन वर्षे तिकडेच राहतात. महाराष्ट्रात हिवाळ्यात उतरणारे ऑस्प्रे आशियाच्या उत्तरेकडून येतात, पण जात तीच. दिवाळीनंतर भिगवणला गेलात तर उजनीच्या पाण्यावर एका जागी फडफडत थबकणारा, पोटाशी पांढरा, डोळ्यावर काळी पट्टी असलेला पक्षी शोधा. तो पाय पुढे करून पाण्यात कोसळतो. मासा घेऊन उठल्यावर पायांकडे नीट पाहा: बाहेरचे बोट मागे वळवून त्याने मासा धरलेला असतो, आणि माशाचे तोंड उडण्याच्या दिशेला केलेले असते.