जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश रुसला तर...

घरात वाढदिवसाचा केक कापला जात असतो, दिवे मालवलेले असतात आणि नेमक्या त्याच क्षणी कपाटातून काढलेला डिजिटल कॅमेरा दगा देतो. बटण दाबले जाते, ‘क्लिक’ असा आवाजही येतो. पण फ्लॅश पडत नाही. छायाचित्रात उरतात त्या केवळ काळपट, हललेल्या आकृती. वीसेक वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले हे छोटे कॅमेरे गेल्या काही वर्षांत पुन्हा बाहेर निघू लागले आहेत. कॉलेजातील मुलामुलींना त्यांतील छायाचित्रांचा जुना बाज आवडू लागला आहे. मात्र फ्लॅश चालत नाही म्हणून कॅमेरा भंगारात काढण्यापूर्वी किंवा स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी थोडे थांबणे हिताचे. अनेकदा दोष फ्लॅशमध्ये नसतोच. आणि तो खरोखर फ्लॅशमध्ये असेल, तर घरी कॅमेरा उघडणे धोक्याचे ठरते.

फ्लॅश चालतो कसा?

फ्लॅशच्या काचेमागे झेनॉन वायूने भरलेली एक बारीक नळी असते. सेलमधून मिळणारा तीन ते सहा व्होल्टचा दाब या नळीला पुरत नाही. म्हणून कॅमेऱ्यातील मंडल तो सुमारे तीनशे व्होल्टपर्यंत वाढवते आणि ही ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठवते. बटण दाबताच काही हजार व्होल्टचा क्षणिक झटका नळीतील वायूला विद्युतवाहक बनवतो आणि साठलेली ऊर्जा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास प्रकाशरूपाने बाहेर पडते. छायाचित्रणासाठी अशा विजेच्या फ्लॅशचा पाया अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात घातला. सेल, साठवण, ठिणगी आणि नळी या चार कड्यांपैकी एक जरी निखळली, तरी फ्लॅश पडत नाही.

आधी सेल तपासावेत

पहिला संशय सेलवर घ्यावा. कपॅसिटर भरताना कॅमेरा सेलकडून एकाएकी मोठा प्रवाह ओढतो. घड्याळात किंवा रिमोटमध्ये वर्षभर चालणारे साधे पेन्सिल सेल या कामी टिकत नाहीत. पडदा उजळतो, लेन्सही बाहेर येते. पण फ्लॅश भरण्याइतकी ताकद उरत नाही आणि कॅमेरा फ्लॅश बंद ठेवतो. अशा कॅमेऱ्यांसाठी निकेल मेटल हायड्राइड प्रकारचे रिचार्जेबल सेल उत्तम. त्यांचा दाब १.२ व्होल्ट, म्हणजे अल्कलाइन सेलच्या १.५ व्होल्टपेक्षा कमी असला, तरी मोठा प्रवाह देताना तो फारसा ढासळत नाही. सगळे सेल एकाच प्रकारचे आणि सारखेच चार्ज झालेले असावेत. जुने-नवे एकत्र करू नयेत. सेलच्या कप्प्यातील पत्र्यांवर पांढरट किंवा हिरवट थर दिसल्यास तो कोरड्या कापडाने पुसून काढावा. लिथियम आयन बॅटरी जुनी होऊन फुगली असेल, तर ती वापरूच नये.

सेटिंगचा घोळ

दुसरे कारण सेटिंगचे. निसर्गदृश्य, आतषबाजी, मेणबत्तीचा प्रकाश असे ‘सीन मोड’ निवडले, की बहुतेक कॅमेरे फ्लॅश आपोआप बंद करतात. सलग छायाचित्रे घेण्याच्या किंवा व्हिडिओच्या मोडमध्येही अनेक कॅमेऱ्यांत तसेच घडते. वाढदिवसाला कोणीतरी मेणबत्तीचा मोड लावून ठेवलेला असतो आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी येतो. पडद्यावर विजेच्या चिन्हावर काट मारलेली दिसली, तर फ्लॅश बंद आहे असे समजावे. फ्लॅश सक्तीने चालू ठेवण्याचा पर्याय निवडून पाहावा. तरीही उलगडा न झाल्यास मेनूमधून सर्व सेटिंग मूळ स्थितीत आणावीत. वर उचलला जाणारा फ्लॅश असेल, तर तो पूर्ण उघडला आहे ना, हेही पाहावे.

फ्लॅश पडतो, पण चित्र अंधारेच

येथे दोष बहुधा अंतराचा असतो. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण तीन मीटरपर्यंतच पोहोचतो. अंतर दुप्पट झाले, की प्रकाश निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो. त्यामुळे सभागृहाच्या मागच्या रांगेतून व्यासपीठावर फ्लॅश मारण्यात अर्थ नसतो. झूम केल्यावर बहुतेक लेन्समधून येणारा प्रकाश आणखी घटतो. तेव्हा झूम करण्याऐवजी दोन पावले पुढे जाणे चांगले. आयएसओ शंभरवरून चारशेवर नेल्यास फ्लॅशची पोहोच जवळजवळ दुप्पट होते. मात्र चित्रात रवाळपणा वाढतो. फ्लॅशवर आलेले बोट किंवा काचेवरचा मळ हीदेखील नेहमीची कारणे आहेत.

कपाटातील वर्षे

अनेक वर्षे न वापरलेल्या कॅमेऱ्यात कपॅसिटरमधील सूक्ष्म ऑक्साइड थर क्षीण होतो आणि सुरुवातीला फ्लॅश भरण्यास बराच वेळ लागतो. पूर्ण चार्ज केलेले सेल घालून, प्रत्येक वेळी अर्धा-एक मिनिट थांबत आठ-दहा वेळा फ्लॅश मारल्यास तो पूर्ववत होण्याची शक्यता असते. ओळीने भराभर फ्लॅश मारू नयेत. त्याने नळी तापते. कॅमेरा दर दोन-तीन महिन्यांनी वापरावा आणि ठेवून देताना सेल बाहेर काढावेत.

खरा दोष कसा ओळखावा?

अंधाऱ्या खोलीत दोन मीटरवरील भिंतीचे छायाचित्र सक्तीचा फ्लॅश लावून घ्यावे आणि कॅमेरा कानाशी धरावा. फ्लॅश भरताना अनेक कॅमेऱ्यांतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. आवाज येतो, तयार असल्याचा दिवाही लागतो, तरी फ्लॅश पडत नाही, तर नळी किंवा ठिणगीचे मंडल बिघडले असण्याची शक्यता अधिक. सेल नवे असूनही आवाज नाही आणि दिवा नुसताच लुकलुकत राहतो, तर बिघाड भरणाऱ्या मंडलात असू शकतो. दोन्ही बाबतींत काम कारागिराचे आहे.

येथेच सर्वांत महत्त्वाची सूचना. कॅमेरा बंद केला, सेल काढले, तरी कपॅसिटरमधील शेकडो व्होल्टचा भार बराच काळ टिकून राहू शकतो. झाकण उघडून तेथे बोट लागल्यास जबर झटका बसतो. हृदयविकार असणाऱ्यांना तो विशेष घातक ठरू शकतो. मोडका कॅमेरा मुलांना खेळायला किंवा उघडून पाहायला देणेही म्हणूनच टाळावे. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीहून अधिक होत असेल, तर फ्लॅशविना दिवसाच्या प्रकाशात तो वापरता येतोच. आणि टाकायचाच झाला, तर तो घरच्या कचऱ्यात नव्हे, ई-कचरा संकलनाकडे द्यावा.