प्रवाळ-मत्स्यालयातील सूक्ष्म धातू : पाणी-परीक्षणाचा अर्थ आणि मर्यादा

पिकांना जस्त, लोह, मँगनीज ही सूक्ष्म अन्नद्रव्ये अत्यल्प प्रमाणात लागतात आणि मर्यादा ओलांडल्यास तीच अपायकारक ठरतात, हे आपल्या वाचकांना परिचित आहे. सागरी सजीवांनाही हाच नियम लागू पडतो. प्रवाळांच्या ऊतींत राहणाऱ्या सहजीवी शैवालांना प्रकाशसंश्लेषणासाठी लोह व मँगनीज लागतात. परंतु गरज आणि विषबाधा यांतील अंतर येथे फारच अरुंद असते आणि तांब्याच्या बाबतीत ते सर्वाधिक जाणवते.

भारतात सर्व अश्मप्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये समाविष्ट आहेत. त्यांचे निसर्गातून संकलन किंवा खरेदी-विक्री करता येत नाही. तथापि हा विषय केवळ प्रवाळांपुरता नाही. शोभिवंत सागरी कोळंबीसारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांचे संगोपन व बीजोत्पादन करणाऱ्यांनाही त्याचे ज्ञान आवश्यक आहे, कारण हे प्राणी, विशेषतः त्यांच्या अळ्या, तांब्याला माशांपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील असतात.

प्रमाणांची तुलना

खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्यात तांबे साधारणतः ०.१ ते ०.३ मायक्रोग्रॅम प्रति लिटर इतकेच असते. याउलट पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे. माणसाला निर्धोक असलेल्या पाण्यातही समुद्राच्या तुलनेत दीडशे पटींहून अधिक तांबे असू शकते. म्हणून नळाच्या पाण्यात मीठ मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करणे धोक्याचे ठरते.

धातू टाकीत येतात कोठून?

पितळी तोट्या व झडपा, तांब्याच्या नळ्या, जस्तलेपित पाईप, गंजलेले पट्टे व स्क्रू, तडा गेलेल्या पंपातील उघडे पडलेले चुंबक हे नेहमीचे स्रोत होत. मिठाचे मिश्रण, खाद्य आणि सूक्ष्म मूलद्रव्यांची पूरक द्रावणे यांतूनही धातू साचत जातात. सर्वांत गंभीर स्रोत मात्र औषधोपचाराचा आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर सागरी माशांना ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रति लिटर तांब्याची मात्रा दिली जाते.

समजा, अशा उपचार-टाकीतील ५ लिटर पाणी मासे हलविताना ३०० लिटरच्या मुख्य टाकीत गेले. ०.२० मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्यासोबत १ मिलिग्रॅम तांबे गेले. मुख्य टाकीतील पातळी त्यामुळे सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम प्रति लिटरने वाढते. ही वाढ नैसर्गिक पातळीच्या दहापटींहून अधिक आहे. एवढे घडूनही पाणी तितकेच नितळ दिसते.

परीक्षण-संचाचे ‘शून्य’

रंगबदलावर आधारित परीक्षण-संच उपचार-टाकीतील मात्रा तपासण्यासाठी उपयुक्त असतात. त्यांची मोजपट्टी मिलिग्रॅमच्या दशांश-शतांशांत असल्याने वरील उदाहरणातील वाढ त्यांना दिसत नाही. संचाने ‘शून्य’ दाखविणे याचा अर्थ ‘संचाच्या क्षमतेपेक्षा कमी’ एवढाच होतो.

अधिक सूक्ष्म मापनासाठी प्रयोगशाळेतील आयसीपी-ओईएस किंवा आयसीपी-एमएस तंत्र वापरले जाते. येथेही एक अडचण आहे. समुद्रजलात प्रति लिटर सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते मापनात अडथळा आणतात. नमुना विरल केल्यास अडथळा घटतो. परंतु धातूही तितक्याच पटीने विरल होतात. म्हणून प्रयोगशाळा समुद्रजलासाठी प्रमाणित पद्धत वापरते काय आणि प्रत्येक धातूची शोधमर्यादा किती आहे, हे नमुना पाठविण्यापूर्वीच विचारावे. ‘आढळले नाही’ हा शेरा शोधमर्यादेसह वाचला तरच अर्थपूर्ण ठरतो.

नमुना घेताना

• प्रयोगशाळेने दिलेली स्वच्छ प्लास्टिक बाटली वापरावी. धातूचे झाकण वा भांडे वापरू नये.
• आम्ल आधीच घातलेले नसल्यास बाटली टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळावी.
• पाणी बदलल्यानंतर किंवा पूरक द्रावण दिल्यानंतर लगेच नमुना घेऊ नये.
• नमुन्यासोबत क्षारता, तापमान व दिनांक नोंदवावा.
• मूळ गोड्या पाण्याचा स्वतंत्र नमुना द्यावा. दोष टाकीत आहे की पाण्यात, हे त्यावरून कळते.

अहवालानंतर

धातू जास्त आढळल्यास प्रथम स्रोत शोधून काढून टाकावा. नवीन पाणी धातुमुक्त आहे असे मानले, तर २० टक्के पाणी एकदा बदलल्यावर ८० टक्के धातू शिल्लक राहतो आणि पाच वेळा बदलल्यावरही सुमारे ३३ टक्के उरतो. स्रोत कायम असेल तर हा परिश्रम वाया जातो. शिवाय तांबे चुनखडीयुक्त वाळू व खडकांना चिकटते आणि पुढे हळूहळू पाण्यात परत येऊ शकते. उपचार-टाकीतील वाळू, खडक, जाळी व नळ्या अपृष्ठवंशींच्या टाकीत कधीही वापरू नयेत.

धातू कमी आढळल्यास घाईने पूरक द्रावण देणेही उचित नाही. जे मोजता येत नाही, त्याची मात्राही ठरविता येत नाही. आरओ व विआयनीकरणातून मिळालेले पाणी, दर्जेदार मीठ आणि नियमित अंशतः पाणी-बदल यांतून बहुतेक टाक्यांची सूक्ष्म धातूंची गरज भागते. एका अहवालापेक्षा, त्याच प्रयोगशाळेतून ठरावीक अंतराने मिळविलेल्या अहवालांचा कल अधिक विश्वसनीय असतो. प्रत्येक अहवाल टाकीच्या नोंदवहीत पाणी-बदल, औषधोपचार व मृत्यू यांच्या नोंदींशेजारी ठेवावा; निर्णय घेण्यास तोच खरा आधार ठरतो.