उतरत्या पाण्यांतील मासे

दसऱ्याच्या सुमारास आपल्याकडील जलाशय तुडुंब भरलेले असतात. मुळशी, पवना, भंडारदरा, कोठेंहि जावें, पाणी हिरव्या काठाला लागलेलें दिसतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांताच्या उत्तर भागांत शास्ता नांवाचें सरोवर आहे, त्याची रीत ह्याच्या अगदीं उलट. तेथें पाऊस पडतो तो हिंवाळ्यांत. उन्हाळा कोरडा जातो. वसंताच्या अखेरीस भरलेलें तें सरोवर सॅक्रमेंटोच्या खोऱ्यांतील शेतांस पाणी पुरवीत उन्हाळाभर खालीं उतरत असतें आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरांत वर्षांतील सर्वांत खालच्या पातळीस येऊन टेकतें. काठाभोंवतीं तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. अवर्षणाच्या वर्षीं तर होड्या उतरविण्याचे उतारहि पाण्यापासून दूर राहून कोरडे पडतात. अशा ह्या ओसरत्या दिवसांतच गळ टाकणारे लोक तेथें मोठ्या उमेदीनें जमूं लागतात. पाणी आटलें म्हणजे मासे हातीं लागणें सोपें, असें कोणासहि वाटेल. परंतु कारण इतकें सरळ नाहीं.

शास्ताचें धरण १९३८ ते १९४५ ह्या काळांत बांधलें गेलें. त्याची उंची ६०२ फूट आहे. सॅक्रमेंटो, मॅक्क्लाउड आणि पिट ह्या तीन नद्या त्यानें अडविल्या. भरलेल्या सरोवराचा विस्तार सुमारें ३०,००० एकर, आणि नद्यांच्या फांट्यांनीं वेडावांकडा झालेला काठ सुमारें ३६५ मैलांचा आहे. ह्या पाण्याखालीं विन्नेमेम विंतू ह्या मूळच्या रहिवाशांचीं गांवें बुडालीं. आणखीहि एक स्थळ बुडालें. लिव्हिंग्स्टन स्टोन ह्या गृहस्थानें १८७२ सालीं मॅक्क्लाउडच्या काठीं सामन माशांचीं अंडीं उबविण्याचें सरकारी केंद्र उघडलें होतें. पुढें त्याच नदीवरून इंद्रधनुषी ट्राउटचीं अंडीं दूरदूरच्या मुलुखांत पाठविण्यांत आलीं. पॅसिफिक किनाऱ्याची ही जात विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या निलगिरीपर्यंत येऊन पोंचली. काश्मीरच्या ओढ्यांतील तपकिरी ट्राउट हा मात्र तिचा दूरचा भाऊबंद. तो स्कॉटलंडहून आला. सह्याद्रीच्या तलावांचें पाणी ट्राउटला सोसण्याजोगें थंड नसतें. तेथें मान महसीराचा.

थंडपणाच्या ह्या मुद्यावरच साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. घंगाळांतील थंड पाण्यावर ऊन पाणी हलक्या हातानें ओतावें, ढवळूं नये, आणि मग हात घालून पाहावा. वर चटका बसतो, तळाशीं गारवा लागतो. उन्हाळ्यांत सरोवराची तीच स्थिति होते. वरचें पाणी तापून हलकें होतें व थंड पाण्यावर तरंगत राहतें. वारा त्यास हलवितो खरा, पण वरच्या थरापुरतेंच. त्याच्या खालीं एक पातळसा पट्टा असतो, त्यांत थोड्याच फुटांच्या अंतरांत उष्णमान झपाट्यानें उतरतें. आणि त्याखालीं हिंवाळ्यांतील थंड पाणी जसेंच्या तसें कोंडून पडलेलें असतें. उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात, हें वाक्य शाळेंत सर्वांनींच घोकलेलें असतें. त्याचा अर्थ अशा सरोवराच्या काठीं जितका उमजतो तितका फळ्यापुढें उमजत नाहीं.

आतां ट्राउट आणि बास ह्यांचे स्वभाव पाहावे. ट्राउटला सेंटिग्रेड मापाचे १० ते १६ अंश मानवतात. २० च्या वर तो कासावीस होऊं लागतो. १० अंशांच्या पाण्यांत प्राणवायु लिटरमागें सुमारें ११ मिलिग्रॅम विरघळूं शकतो, २५ अंशांच्या पाण्यांत ८ हून किंचित अधिक. म्हणजे पाणी तापलें कीं माशाची भूक वाढते, श्वासाची गरज वाढते, आणि नेमका त्याच वेळीं वायु कमी पडतो. म्हणून उन्हाळ्यांत ट्राउट खालीं जातो. शास्तांत तो ६०-८० फुटांवरहि असतो, आणि दोरीस शिशाचा जड गोळा लावल्यावांचून आमिष त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. पुष्कळ जलाशयांत तर तळाशीं कुजणारा पाला प्राणवायु खाऊन टाकतो. तेव्हां वर ऊन आणि खालीं गुदमर, अशा मधल्या अरुंद पट्ट्यांत तो बिचारा कोंडला जातो. बास निराळ्या घडणीचा. २०-२५ अंशांचें पाणी त्यास सुखाचें वाटतें. शास्तांत मोठ्या तोंडाचा, लहान तोंडाचा आणि ठिपकेदार असे तिन्ही बास आहेत. त्यांत ठिपकेदाराचें राज्य मोठें.

सप्टेंबर सरतांना रात्री गार होऊं लागतात. पृष्ठभागावरील पाणी रात्रीं निवतें, जड होतें आणि खालीं जातें. त्याच्या जागीं खालचें वर येतें. असें रोज थोडें थोडें घडून वरचा थर निवत व जाड होत जातो आणि मधला पट्टा खालीं खालीं दाबला जातो. लहान, उथळ तळ्यांत ही उलथापालथ थोड्या दिवसांत उरकते; तळाचा गाळ व दुर्गंध वर येतो आणि ते दिवस गळकऱ्यास रिकाम्या टोपलीचे जातात. शास्तासारख्या खोल पाण्यांत मात्र सारें सावकाश चालतें, आणि तळापर्यंतचें मिश्रण हिंवाळ्यांतच होतें. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असतें हें प्रसिद्धच आहे. पण शास्ता गोठत नाहीं, त्यामुळें बर्फाच्या देशांतील तळ्यांप्रमाणें तेथें वर्षांतून दोनदां पाणी फिरत नाहीं.

वरचें पाणी निवलें कीं ट्राउटचा मार्ग मोकळा होतो. शॅड नांवाच्या चिमुकल्या माशांचे थवे ह्या दिवसांत नद्यांच्या फांट्यांकडे वळतात, आणि त्यांच्या पाठीवर ट्राउट व बास दोघेहि वळतात. पहांटे शांत पाण्यावर बारीक माशांची उसळी दिसली कीं जाणता मनुष्य तिकडेच होडी नेतो. पाणी उतरल्यामुळें जुने बुंधे, खडक, बुडालेल्या रस्त्यांचे कडे उथळांत आलेले असतात. बास त्यांच्या आडोशास दबा धरतो. पहिला पाऊस झाला कीं ओढ्यांच्या मुखाशीं गार, ताजें पाणी येतें. तपकिरी ट्राउटचा अंडीं घालण्याचा हंगामहि शरदांतच येतो, म्हणून तो नदीच्या तोंडाशीं घुटमळूं लागतो. इंद्रधनुषी ट्राउट त्यासाठीं हिंवाळा सरण्याची वाट पाहतो.

मासा पकडून पुन्हां सोडून देण्याची चाल तेथें पुष्कळ आहे. चाल चांगली, पण सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असें नाहीं. सुमारें ३३ फूट खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. तेथून वर ओढलेल्या माशाच्या पोटांतील हवेची पिशवी फुगून दुप्पट होऊं पाहते. ट्राउटची ही पिशवी नळीनें घशास जोडलेली असल्यामुळें तो हवा सोडूं शकतो. बासची पिशवी बंद असते, म्हणून खोलांतून काढलेला बास पोट फुगून पृष्ठभागावर उलटा तरंगतो. ट्राउटचें संकट दुसरेंच; सप्टेंबरांत थंड तळांतून ऊन थरांतून ओढून काढलेला, दमलेला ट्राउट सोडल्यावरहि पुष्कळदां मरतो. ज्यास सोडावयाचा आहे त्यानें पाणी निवेपर्यंत धीर धरलेला बरा.

तळाशीं उरलेल्या थंड पाण्यावर आणखी एकाचा हक्क आहे. धरणानें मॅक्क्लाउडची वाट बंद केल्यापासून हिंवाळी सामन धरणाच्या खालीं, सॅक्रमेंटोंत अंडीं घालतो, आणि तींहि भर उन्हाळ्यांत. १३ अंशांच्या फार वर पाणी गेलें कीं तीं अंडीं नासतात. म्हणून १९९७ सालीं धरणाच्या पाठीस निरनिराळ्या उंचीवर दारें असलेली एक प्रचंड पोलादी रचना बसविण्यांत आली. वसंतांत वरचें कोमट पाणी सोडावयाचें आणि तळाचें थंड पाणी शरदासाठीं राखावयाचें, अशी तिची योजना. २०१४ व २०१५ च्या अवर्षणांत हा साठा वेळेआधींच संपला आणि त्या दोन्ही वर्षांची बहुतेक सर्व सामनप्रजा नष्ट झाली. तेव्हांपासून हंगाम संपतांना धरणावरील अधिकारी थंड पाण्याचा हिशेब अधिकच काटेकोरपणें ठेवतात. आणि होडींतील गळकरी आपल्या दोरीस उष्णमापक बांधून, १३ अंशांचा थर आज किती फुटांवर आहे, तेंच पाहत असतो.