ऑर्किडवरची कीड: मुंग्यांवर आळ कशाला?

लालबाग-परळच्या चाळींत गॅलरीच्या कठड्याला तुळशीशेजारी आता डेंड्रोबियम ऑर्किडचीही कुंडी लटकते. दांड्यावर मुंग्यांची रांग दिसली की पहिला हात मुंग्यांच्या खडूकडे जातो. पण मुंग्या ऑर्किड खात नाहीत. पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि मावा झाडाचा रस शोषून गोड चिकटा टाकतात. त्यासाठी मुंग्या येतात आणि त्या बदल्यात किडीच्या शत्रूंना पळवून लावतात. म्हणून मुंग्या दिसल्या की कीड शोधावी. ती सापडेलच असंही नाही! कित्येक ऑर्किडं कळीच्या देठाशी स्वतःच गोड थेंब सोडतात. पानांची मागची बाजू आणि बेचके स्वच्छ असतील तर फवारणी करायची तरी कशावर?

पांढरा कापूस दिसला की ‘बुरशी लागली’ म्हणून बुरशीनाशक मारलं जातं. काडीने तो कापूस हलवून बघा. आत गुलाबीसर, मऊ अंगाचे पिठ्या ढेकूण निघतील. डेंड्रोबियमच्या काडीवरच्या वाळक्या, कागदासारख्या आवरणाखाली ते मजेत राहतात, म्हणून ती आवरणं आधी सोलून काढा. मग सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक टिपा. आधी एका पानावर करून बघितलेलं बरं. कापसातल्या अंड्यांतून पुढची पिढी निघतेच, त्यामुळे दर आठ-दहा दिवसांनी तीन-चार वेळा हे करावं लागतं. एका दिवसात काम उरकणारं औषध मिळालं, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. कीड मुळांत शिरली असेल तर जुनी नारळाची सोडणं फेकून नवी घाला. खवले किडीच्या पाठीवरच्या कवचातून औषध आत जात नाही. जुना मऊ टूथब्रश तिथे जास्त कामाचा.

‘कडुनिंबाचं तेल काय, केव्हाही चालतं’ हा समज उन्हात महागात पडतो. तेलाने पानं भाजतात. लिटरभर पाण्यात पाच मिली तेल आणि थोडा द्रव साबण घालून, ढवळून, संध्याकाळी फवारा. फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या मधल्या खळग्यात पाणी साचू देऊ नका. मुंबईच्या पावसाळी दमटपणात गाभा कुजायला वेळ लागत नाही.

झुरळांचा स्प्रे झाडासाठी नाही, त्यातल्या द्रावकाने पानं करपतात. नुवान म्हणून घरोघरी माहीत असलेल्या डायक्लोरव्हॉसवर तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जाळी विणणारा लाल कोळी हा कीटकच नव्हे, त्याला आठ पाय. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाने तो मरत नाही, उलट वाढू शकतो. उन्हाळ्यात पानांची मागची बाजू पाण्याने धुणं हा त्यावर साधा उपाय.

दादरच्या फूलबाजारातून आणलेली जांभळी डेंड्रोबियमची काडी कुंडीशेजारीच फुलदाणीत ठेवायची, यात धोका आहे हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. थायलंडहून गेलेल्या अशा फुलांत थ्रिप्स पामी जातीचे फुलकिडे सापडल्याने युरोपात माल अडवला गेला आहे. फूल पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबुळके जीव पळू लागले की ओळख पटली. तो दांडा कापून पिशवीत बांधून टाका. नवं रोपही दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत लांब म्हणजे कुठे, हा प्रश्न रास्त आहे. जिन्याच्या खिडकीसाठी शेजाऱ्यांना विचारून बघा.