लेक सायकलवर, मुक्काम तंबूत
मैत्रिणींनो, ‘मी कराडहून तीन दिवस सायकलनं कोयनेकडे जाते, तंबूत राहते,’ असं लेक म्हणाली की जीव खालीवर होणारच. पण ‘नाही’ म्हणण्याआधी तिच्याबरोबर नकाशा उघडून बसा. आधी मुक्काम ठरवा. कोयना-चांदोलीचं जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. नदीकाठही नको, धरणातून पाणी सोडलं की कोयना चढते. दिवस मावळायच्या आत गाव गाठावं, पोलीसपाटलांना विचारून देवळाच्या आवारात उतरावं. चढाच्या कच्च्या वाटेनं दिवसाला २५-३० किलोमीटर पुष्कळ झाले. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बॅटरी, पंप, जादा ट्यूब. आणि हो, पंक्चर काढायला घरीच शिकू द्या. मग खुशाल पाठवा!