हेम्पचा वंश

मेंढ्या हाकताना बॉर्डर कॉली भुंकत नाही. डोके खाली, पोट जवळजवळ गवताला टेकलेले, एक पाय उचललेला तसाच हवेत, आणि नजर कळपावर रोखलेली. त्या नजरेपुढे शंभर मेंढ्या निमूटपणे वळतात. आज जगभरातल्या या जातीच्या जवळपास प्रत्येक कुत्र्याची वंशावळ मागे नेली, की ती एकाच नरापाशी पोचते: ओल्ड हेम्प.

स्कॉटलंडच्या सीमेलगत, इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड परगण्यात वेस्ट वुडबर्न नावाचे गाव आहे. तिथल्या ॲडम टेल्फरकडे १८९३च्या सप्टेंबरात हेम्प जन्मला. बाप रॉय मनमोकळा, माणसाळलेला, पण नजरेचा जोर बेताचा. आई मेग अबोल, बुजरी, आणि नजर इतकी तीव्र, की कामात ती स्वतःच भारल्यासारखी व्हायची. दोघांतले एकही कुत्रे सर्वगुणसंपन्न नव्हते. टेल्फरची पारख दिसते ती नेमकी इथे: एकात जे उणे, ते दुसऱ्यात भरपूर होते.

हेम्प लहानपणापासूनच आपसूक कामाला लागला. त्या काळी मेंढ्यांमागची बरीच कुत्री भुंकून, चावे घेऊन कळप हाकत. हेम्पला त्याची गरजच पडत नसे. काम करताना त्याचे अंग एकाग्रतेने थरथरायचे, असे सांगतात. अशा कुत्र्याची पिल्ले आसपासच्या मेंढपाळांना हवीशी वाटली नसती तरच नवल. १९०१मध्ये तो मेला, तोवर त्याची दोनशेच्या वर पिल्ले झाली होती.

१९०६मध्ये आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटी स्थापन झाली. तिच्या नोंदवहीत हेम्पला मरणोत्तर ९ हा क्रमांक मिळाला.

या वंशातला सर्वांत गाजलेला वारस म्हणजे १९६३मध्ये जन्मलेला विस्टन कॅप. दोन वर्षांचा व्हायच्या सुमारास, १९६५मध्ये, त्याने जॉक रिचर्डसनच्या इशाऱ्यांवर आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. सोसायटीच्या बिल्ल्यावर दबा धरलेले कुत्रे दिसते, ते त्याचेच चित्र. मग ज्याला त्याला आपल्या मादीसाठी कॅपच हवा झाला. मुळात त्याच्याच वंशावळीत, सात पिढ्यांच्या आत, जे. एम. विल्सनचा कॅप हा एकच नर सोळा वेळा आला होता.

एकच रक्त असे पुन्हा पुन्हा एकत्र आले, की गुण पक्के होतात आणि दडलेले दोषही उघडे पडतात. कॉली जातींत डोळ्यांचा एक आनुवंशिक विकार आढळतो. आईबाप वरकरणी निरोगी असले, तरी दोघांकडून दोष आला तर पिल्लाला तो जडतो. ज्या वंशाची सारी मदार नजरेवर, त्यालाच हे दुखणे असावे, याची हळहळ वाटते. आता जनुकीय चाचणीने दोष आधीच कळतो, त्यामुळे जोड्या विचारपूर्वक लावता येतात.

मेंढ्यांपलीकडेही या वंशाची बुद्धी दिसली आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांच्या ‘चेसर’ या बॉर्डर कॉलीने हजाराहून अधिक खेळण्यांची नावे ओळखायला शिकून दाखवले.

ब्रिटनच्या केनेल क्लबने १९७६मध्ये आणि अमेरिकेतल्या क्लबने १९९५मध्ये या जातीला प्रदर्शनांसाठी मान्यता दिली. अमेरिकेत मेंढपाळांनी कडाडून विरोध केला, आणि तो रास्तच होता. रूपावर निवड सुरू झाली, की काम मागे पडते. राणी व्हिक्टोरियाच्या आवडीमुळे कॉली उच्चभ्रूंत शिरली, आणि प्रदर्शनांच्या हौसेपायी तिची लांब केसांची शाखा कळपापासून दुरावली, हे त्यांना ठाऊक होते. शीपडॉग सोसायटीत मात्र आजही नोंदलेली वंशावळ नसलेले कुत्रे कळप नीट हाकून कसोटीला उतरले, तर त्याला नोंदवहीत जागा मिळू शकते.